अण्णांची नळी

श्रावणात एका रात्री अण्णांची लघवी अडली. पंचवटीतून रिक्षाने दवाखान्यात नेलं, नळी घातली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. प्रोस्टेट वाढलेली, म्हणून गोळ्या सुरू करून नळी काही दिवस ठेवायची ठरलं. ते दिवस लांबत गेले.

तिसऱ्या आठवड्यात हुडहुडी भरून ताप आला. अँटिबायोटिकने उतरला, कोर्स संपल्यावर परत आला. दुसरा कोर्स झाला. नळी मात्र तीच. मी रोज पिशवी सोडवून धूत होते, स्वच्छता म्हणून. तो जोड उघडला की जंतूंना आत वाट मिळते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लघवीला अमोनियाचा उग्र वास यायचा. एका दुपारी पिशवीत थेंब पडेना, अण्णा पोट धरून कळवळायला लागले.

गंगापूर रोडच्या युरोलॉजिस्टनी आधी नळी बदलली आणि कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, लघवी नव्या नळीतून घेतली. जुनीतून घेतली तर नळीवर वाढलेलेच जंतू रिपोर्टमध्ये येतात. जुनी नळी त्यांनी कापून दाखवली. आत पांढरा खर, बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर धरतो तसा.

नळी आत गेली की थोड्याच वेळात तिच्यावर शरीरातल्या प्रथिनांचा लेप बसतो. जंतू अंगावरच्या केसांसारख्या तंतूंनी तो धरतात आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. रामकुंडाच्या पायऱ्यांवरचं शेवाळ आठवा, वरून कितीही पाणी वाहू दे. औषध लघवीत तरंगणाऱ्यांना मारतं, थरातले बरेच तग धरतात. अण्णांचा जंतू प्रोटियस निघाला. तो लघवीतल्या युरियापासून अमोनिया करतो, लघवी अल्कधर्मी होते आणि क्षार नळीवर साचतात.

पुढच्या तपासणीत कॅन्डिडा आली. अँटिबायोटिकने इतर जंतू हटले की या बुरशीला जागा मिळते, तीही नळीला चिकटून धागे सोडते. "बुरशी आहे आणि औषध नाही?" मी डॉक्टरांशी वाद घातला. ते म्हणाले, "ताप नाही, त्रास नाही. नळी काढू या, बहुतेक तीही जाईल."

सोमवारी सकाळी नळी काढली. अण्णा पाणी पीत बाकावर बसले. दोन तासांनी बाथरूममधून हाक आली, "अगं, झाली!" सिस्टरनी मापाच्या भांड्यात पाहिलं. २०० मिली.