बाळाचं पहिलं वर्ष, लसी आणि वजनकाटा : माझा अनुभव

लेक जन्मली तेव्हाच बीसीजी (क्षयाची लस), पोलिओचा झिरो डोस (जन्मल्यावर लगेचचा) आणि हिपॅटायटीस बी हे दवाखान्यातच झालं होतं त्यामुळे मला वाटलेलं आता दीड महिना निवांत, पण माहेरी (सांगलीकडं, गावात) पोचल्या पोचल्या आशाताई हजर. वजन, ताप, नाळ, अंगावर नीट पितीय का, सगळं बघायच्या आणि माझीही चौकशी करायच्या. माता-बाल कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेव हे त्यांनीच सांगितलं, ते आजपर्यंत पाळतेय.

दीड महिन्याचं लसीकरण तिथल्याच उपकेंद्रात, फुकट. डाव्या मांडीत पेंटा (पाच आजारांची एकत्र लस), उजव्या मांडीत न्यूमोनियाची पीसीव्ही, उजव्या दंडात पोलिओची बारीकशी सुई, शिवाय तोंडातून पोलिओचे थेंब आणि जुलाबांवरची रोटा. नवरा आधीच बाहेर जाऊन उभा! नंतर अर्धा तास बसवून ठेवतात, तेव्हा घाई करून निघू नका, काही रिअ‍ॅक्शन आलीच तर तिथं बघायला माणसं असतात. सिस्टरनी कुठली लस, काय त्रास होऊ शकतो, पुढची तारीख कधी सगळं सांगितलं, पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे किती द्यायचं तेही. रात्री ताप आला, मांडीला गाठ आली. मालिशवाल्या मावशी म्हणाल्या "आण इकडं, चोळून काढते", पण गाठ चोळायची नाही असं बजावलेलं, मग गार पाण्याची पट्टी ठेवली फक्त. त्याच सुमारास डाव्या दंडावर बीसीजीची पुटकुळी येऊन पू दिसायला लागला, घरात हळदीची वाटी तयार! त्यालाही काही लावायचं नसतं, आपोआप फुटून वण राहतो.

अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस पुण्यात, खाजगी बालरोगतज्ज्ञांकडे. मी साध्या पेंटाऐवजी बिनदुखणारी लस द्या म्हणलं तर डॉक्टर म्हणाले पहिल्या तीन डोसांना साधीच घ्या, दुखते पण संरक्षण जास्त टिकतं. महागडी लस विकायची संधी सोडली म्हणून तिथंच त्यांच्यावर विश्वास बसला.

पण खरं सांगू का, चेकअप म्हणजे नुसती सुई नव्हे. माझा सगळ्यात जास्त जीव खाल्ला तो वजनानं. जन्मतः २.७ किलो आणि पाच महिन्यांची झाली तेव्हा ५.९. सासूबाईंचं रोज "अगं शेजारचा बघ कसा गुटगुटीत, तुझं दूध पुरत नसेल, वरचं सुरू कर". डॉक्टरांनी आलेखावर सगळे ठिपके जोडून दाखवले. ही पहिल्यापासून खालच्याच बाजूच्या रेषेला धरून चाललीय आणि तसंच वर जातीय, रेषा सोडून खाली घसरली असती तर काळजी, आणि तीन-चार महिन्यांनंतर वाढीचा वेग सगळ्याच बाळांचा कमी होतो. सासूबाईंना मुद्दाम सोबत नेलेलं, त्या डॉक्टरांचं ऐकतात, माझं नाही :) टेपनं डोक्याचा घेर, टाळू, दोन्ही पाय फाकवून खुबे, आवाजाकडे वळते का, नजर फिरवते का, हे सगळं पाच मिनिटांत होतं, म्हणून प्रश्न मोबाईलवर लिहून न्यायचे, नाहीतर बाळ रडायला लागलं की काही आठवत नाही.

सहा महिन्यांनी नाचणी, मुगाचं वरण, मऊ भात. वर्षाच्या आत मीठ, साखर, मध काही नको. टायफॉइड आणि फ्लूच्या लसी सरकारीत मिळाल्या नाहीत, त्या पैसे देऊन घेतल्या, व्हिटॅमिन डीचे थेंब तर पहिल्यापासून रोज होतेच.

नवव्या महिन्यात पुन्हा सरकारी केंद्र गाठलं, गोवर-रुबेला, पीसीव्हीचा बूस्टर, पोलिओची तिसरी सुई आणि चमच्यानं व्हिटॅमिन ए. गोवरच्या लसीचा ताप लगेच नाही तर आठवड्या-दहा दिवसांनी येऊ शकतो हे आधी कळलेलं बरं, नाहीतर माणूस लसीला विसरून दुसरंच कारण शोधत बसतं. आता वाढदिवस झालाय, वजन ८.१, म्हणजे जन्माच्या तिप्पट. पुढचे बूस्टर १६ महिन्यांनंतर, तारीख सिस्टरनी कार्डावर लिहून दिलीय.