अटलांटिकवरच्या विमानमार्गांचा सोपा नकाशा कसा आखायचा

युरोप आणि उत्तर अमेरिका यांच्यामधले उत्तर अटलांटिकवरचे विमानमार्ग कायमचे नसतात. जेट प्रवाह, म्हणजे उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा, जागा बदलतो, म्हणून मार्गही रोज नव्याने जाहीर होतात. दिवसाचे, पश्चिमेकडे जाणारे मार्ग स्कॉटलंडमधलं प्रेस्टविकचं हवाई नियंत्रण केंद्र जाहीर करतं आणि रात्रीचे, पूर्वेकडे येणारे कॅनडातलं गँडरचं केंद्र. नेहमीच्या नकाशावर हे काढले की पाच-सहा रेघा एकमेकींना चिकटतात आणि भोवती नुसता निळा समुद्र उरतो. इथे हॅरी बेकने १९३३ च्या लंडन भुयारी रेल्वेच्या नकाशात केलं तेच करावं: अंतर सोडावं, क्रम धरावा.

काम अर्धं झालेलंच असतं, कारण मार्ग जाहीर करणाऱ्या रोजच्या संदेशात मार्ग दिलेला असतो तो दर १० रेखांशांवर अक्षांश किती एवढ्याच रूपात. म्हणून २०, ३०, ४० आणि ५० अंश पश्चिम या चार उभ्या रेघा ४० मिमी अंतराने मारा, आणि दर अक्षांशाला १२ मिमी द्या. ४६ ते ६० अक्षांश म्हणजे १६८ मिमी, आडव्या ए-४ कागदावर व्यवस्थित बसतात. उजवीकडे २० मिमीवर १५ अंश पश्चिमेची रेघ घ्या. मालॉट, लिमरी, डिनिम, सोमॅक्स हे वेपॉइंट (विमानमार्गावरचे नाव दिलेले ठरावीक बिंदू) तिच्यावरच आहेत, अनुक्रमे ५३, ५२, ५१ आणि ५० अक्षांशांवर.

आता वळणं. बिंदूला बिंदू सरळ जोडलात तर प्रत्येक रेघेचा उतार वेगळा येतो आणि डोळा भरकटतो. त्यापेक्षा आडवं चाला, दोन उभ्या रेघांच्या मधोमध ४५ अंशांत चढा किंवा उतरा, पुन्हा आडवं व्हा. एका अक्षांशाच्या फरकाला १२ मिमी लागतात, दोन्ही बाजूंना १४-१४ मिमी उरतात. तीन अक्षांशांना ३६ मिमी, म्हणजे जेमतेम. तिरप्या भागात शेजारच्या मार्गांमधलं अंतर १२ वरून ८.५ मिमीवर येतं. मार्ग अर्ध्या अंशाने लागून असतील तर फक्त ४.२ मिमी, म्हणून रेघ २ मिमीपेक्षा जाड नको.

सर्वांत जास्त चुका होतात त्या आकडे वाचताना. संदेशातलं ५४३० म्हणजे ५४ अंश ३० मिनिटं, ५४.३० अंश नव्हे. प्रोग्रॅमने सरळ १०० ने भागलं तर रेघ २.४ मिमी खाली सरकते, आणि चित्र तरीही ठीकच दिसतं, हाच धोका. पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह द्यायचं राहिलं तर कॅनडा उजवीकडे जातो. ती चूक निदान लगेच दिसते.

दोन बिंदूंमध्ये विमान पृथ्वीवरच्या सर्वांत जवळच्या वाटेने जातं, त्यामुळे ५५ अक्षांशावरच्या दोन लगतच्या बिंदूंमध्ये ते मध्यावर सुमारे ६ सागरी मैल उत्तरेला सरकलेलं असतं. कागदावर हे १.२ मिमी. खुशाल सोडून द्या. पण या मापात ५० अक्षांशाजवळ उत्तर-दक्षिण अंतर पूर्व-पश्चिमेच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट ताणलं जातं, हे मात्र नकाशावर लिहायलाच हवं, नाहीतर वाचणारा पट्टी लावून अंतर मोजेल.

पश्चिमगामी मार्गांना उत्तरेकडून ए, बी, सी अशी नावं, पूर्वगामी संचात सर्वांत दक्षिणेचा झेड. अक्षर मार्गाच्या दोन्ही टोकांना वर्तुळात द्या. रंग मात्र उत्तरेकडून दक्षिणेकडे गडद होत जाणारा एकच ठेवा; आठ वेगवेगळ्या रंगांनी क्रमच हरवतो. दोन्ही दिशा एका कागदावर काढू नका, ते मार्ग एकाच वेळी लागूच नसतात. पश्चिमगामी मार्ग ३० अंश पश्चिमेवर ११:३० ते १९:०० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) चालतात, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी ५ ते रात्री १२:३०. पूर्वगामी ०१:०० ते ०८:००, म्हणजे सकाळी ६:३० ते दुपारी १:३०. ही वेळ आणि तारीख शीर्षकातच छापा. सगळीच विमानं या मार्गांनी जात नाहीत, कित्येक आपापली स्वतंत्र वाट घेतात. त्यांच्यासाठी रेघा काढू नका, तळाशी एक ओळ लिहा.