वर घरे, खाली दुकाने, मागे माग: आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचा अनुभव

इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून या गावात घर, दुकान आणि कारखाना एकमेकांना खेटूनच वाढले. आमची संस्थाही तशीच आहे. १९८६ साली बांधलेल्या इमारतीत रस्त्याच्या बाजूला दुकानगाळे, त्यांच्यावर दोन मजले सदनिका आणि मागच्या बाजूस माग बसवलेल्या शेडचे गाळे असून, या तिन्ही प्रकारचे धारक एकाच सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सभासद आहेत. सहकारी बँकेतून निवृत्त झाल्यावर मी या संस्थेची सचिव झाले आणि पुनर्विकासाचे सगळे काम माझ्या टेबलावरून गेले. पुनर्विकासाविषयी लिहिले जाते ते बहुतेक मुंबई-पुण्याचे असते. लहान शहरातले गणित निराळे असते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

इचलकरंजी नगरपरिषदेची २०२२ मध्ये महानगरपालिका झाली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. आमच्या अहवालात तळमजल्यावरच्या खांबांतील सळ्या गंजल्याचे आणि मागांच्या सततच्या हादऱ्यांनी मागील भिंतीचे सांधे सुटल्याचे स्पष्ट लिहिले होते. डागडुजीचा खर्च आणि त्यातून वाढणारे आयुष्य यांचा मेळ बसत नव्हता, त्यामुळे पुनर्विकास करायचा की नाही यावर फार चर्चा झाली नाही. खरी अडचण जमिनीच्या मालकीची होती.

आमच्या मिळकत पत्रिकेवर अजूनही मूळ जमीनमालकाचे नाव होते. मालक हयात नव्हते आणि त्यांचे वारस वेगवेगळ्या गावांत राहत होते. अशा वेळी मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे मालकाच्या सहीविना सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने जमीन संस्थेच्या नावावर करून घेण्याचा मार्ग उपलब्ध असतो. १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांविषयीच्या कायद्याच्या कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे नमुना ७ मध्ये अर्ज करावा लागतो आणि त्यांनी सहा महिन्यांच्या आत निर्णय द्यावा, असे कायदा सांगतो. अर्जासोबत प्रत्येक सभासदाचा करारनामा, मंजूर नकाशा, मिळकत पत्रिका आणि सभासदांची यादी जोडावी लागते. मूळ मंजूर नकाशा आमच्याकडे नव्हता. तो माहिती अधिकारात अर्ज करून मिळवला. पुढे सर्वांत जास्त उपयोगी पडलेला कागद हाच ठरला, कारण पुनर्विकासात मिळणारे वाढीव क्षेत्र अधिकृत बांधकामावरच मोजले जाते. मागच्या शेडला वर्षानुवर्षे जोडत गेलेले पत्र्याचे तुकडे त्या नकाशात कुठेच नव्हते. ही गोष्ट मागधारकांना अगदी सुरुवातीला, कागद समोर ठेवून सांगितली, आणि त्यामुळे नंतरचा मोठा कलह टळला असे मला ठामपणे वाटते.

करारनाम्यांची स्थिती आणखी अवघड होती. काहींवर पुरेसे मुद्रांक शुल्क भरलेले नव्हते आणि कमी भरलेल्या शुल्कावर दरमहा दोन टक्के दंड चढत असतो. तेवढ्यात डिसेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाची मुद्रांक शुल्क अभय योजना सुरू झाली. १ जानेवारी १९८० ते ३१ डिसेंबर २००० या काळातील दस्तांवर एक लाख रुपयांपर्यंतचे शुल्क आणि त्यावरचा दंड पूर्ण माफ होत होता. मात्र कोऱ्या कागदावर, मुद्रांकाशिवाय केलेले दस्त या योजनेत बसत नव्हते. मी प्रत्येक सभासदाच्या घरी जाऊन ट्रंका आणि कपाटे उघडायला लावली. ज्यांचे दस्त थोड्या किमतीच्या का होईना पण मुद्रांकावर होते, त्यांचे काम योजनेच्या मुदतीत झाले. मानीव अभिहस्तांतरणाचा आदेश मिळाल्यावर त्या दस्ताचे मुद्रांक शुल्क ठरवून घेणे, दुय्यम निबंधकांकडे नोंदणी आणि नगर भूमापन कार्यालयात संस्थेच्या नावाची नोंद, ही कामे एकामागून एक करावी लागली. संस्थेचे नाव मिळकत पत्रिकेवर येईपर्यंत मी एकाही बांधकाम व्यावसायिकाला इमारतीत पाऊल ठेवू दिले नाही. जमीन नावावर नसलेल्या संस्थेशी कोणीही सन्मानाने बोलत नाही, हे बँकेत कर्जाची प्रकरणे पाहताना मला पुरते कळले होते.

पुढची प्रक्रिया सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खालील ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने आखून दिलेली आहे. विशेष सर्वसाधारण सभेला एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश उपस्थिती लागते आणि पुनर्विकासाचा ठराव एकूण सभासदांच्या किमान ५१ टक्के मतांनी मंजूर व्हावा लागतो. आधी वास्तुविशारद किंवा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमायचा, त्याच्याकडून व्यवहार्यता अहवाल घ्यायचा, मग निविदा मागवायच्या आणि विकासक निवडण्याच्या सभेला निबंधकांचा प्रतिनिधी हजर ठेवून सभेचे चित्रीकरण करायचे. ५१ टक्के पुरेसे असले तरी आम्ही तेवढ्यावर थांबलो नाही. दुकानदार, सदनिकाधारक आणि मागधारक यांच्या स्वतंत्र बैठका घेऊन प्रत्येक गटाची लेखी मागणी अहवालाला जोडली. एका गटाच्या बहुमताने दुसऱ्या गटाचे पोट मारले जाऊ नये, हा त्यामागचा विचार होता.

व्यवहार्यता अहवाल वाचून अनेकांची निराशा झाली. मुंबईतल्या नातेवाइकांना पुनर्विकासात मोठी घरे मिळाल्याचे ऐकून लोकांच्या अपेक्षा वाढल्या होत्या. २ डिसेंबर २०२० ला मंजूर झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत तीस वर्षांहून जुन्या इमारतीसाठी अधिकृत बांधकामाच्या ३० टक्के किंवा प्रत्येक सदनिकेमागे १५ चौरस मीटर, यांपैकी जे अधिक असेल तेवढे प्रोत्साहनपर क्षेत्र मिळते. कागदावर ही तरतूद आमच्यासाठीही तीच होती. परंतु मुंबईत जमिनीच्या भावामुळे विक्रीचा दर बांधकाम खर्चाच्या कितीतरी पट असतो आणि त्या फरकातूनच जुन्या सभासदांना जादा जागा देता येते. आमच्याकडे सदनिकेचा विक्री दर बांधकाम खर्चाच्या थोडाच वर आहे. वरच्या मजल्यांवर कितीही घरे वाढवली तरी त्यातून जुनी घरे फुकट बांधून निघत नाहीत. प्रकल्पाला तारले ते रस्त्याकडेच्या नव्या दुकानांनी. सदनिकाधारकांना हे समजल्यावर दुकानदारांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी बदलली, कारण आपल्या घराचा खर्च खालच्या गाळ्यांच्या विक्रीतून येणार आहे हे आकड्यांनी दाखवले गेले.

आणि नेमका दुकानांवरच सर्वांत अवघड प्रश्न उभा राहिला. पंचगंगेला २०१९ आणि २०२१ साली आलेले पूर येथे कोणीही विसरलेले नाही. आमचा भूखंड निळ्या (वारंवार येणाऱ्या पुराची मर्यादा) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची मर्यादा) पूररेषांच्या मधल्या पट्ट्यात येतो. तेथे बांधकाम करायचे तर ते लाल पूररेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंचीवर घ्यावे लागते. याचा अर्थ दुकाने रस्त्याच्या पातळीवर राहू शकत नव्हती. गिऱ्हाईक पायऱ्या चढून येत नाही, असे दुकानदारांचे म्हणणे होते आणि किराणा किंवा हार्डवेअरच्या धंद्यात ते खरेही आहे. कितीतरी चर्चेनंतर रस्त्याच्या पातळीवर वाहनतळ, त्याच्यावर दुकानांचा मजला, समोर रुंद सज्जा आणि दोन्ही टोकांना पायऱ्यांबरोबर हातगाडी चढेल असा उतार, अशी रचना ठरली. २०२१ च्या पुरात ज्यांच्या दुकानात पाणी शिरले होते, त्यांनीच शेवटी इतरांचे मन वळवले. माझ्या मते संपूर्ण आराखड्यातला हा सर्वांत शहाणपणाचा भाग आहे.

मागांचा प्रश्न मात्र मनाला लागून राहिला. नव्या इमारतीत माणसे राहणार असताना त्याच सांगाड्यावर माग चालवणे शक्य नव्हते, हे कोणालाही पटण्यासारखे होते. काही मागधारकांनी यड्रावच्या औद्योगिक वसाहतीत जागा घेतली. काहींनी नव्या इमारतीत तेवढ्याच अधिकृत क्षेत्राचा गाळा स्वीकारून तेथे मेंडिंग (कापडातील दोष दुरुस्त करणे), घडी आणि शिलाईचे काम करण्याचे ठरवले. निवासी विभागात चालू शकणाऱ्या सेवा उद्योगांच्या मर्यादेत ते बसवून घ्यावे लागले. खर्चीने, म्हणजे व्यापाऱ्याचे सूत मजुरीवर विणून देऊन, माग चालवणाऱ्या एका कुटुंबासाठी स्थलांतर म्हणजे केवळ माग उचलून नेणे नसते. यंत्रमागाची सवलतीच्या दराची वीजजोडणी नव्या जागी घ्यावी लागते, सूत देणाऱ्या व्यापाऱ्याचा विश्वास टिकवावा लागतो आणि चार पावलांवर राहणारा कामगार तेवढ्या लांब येईल का, याची खात्री नसते. कलम ७९(अ) च्या प्रक्रियेत त्या कामगाराला कोठेही स्थान नाही, कारण तो सभासद नाही. आम्ही ठरावात एवढेच करू शकलो की शेड दिवाळीचा बोनस दिल्यानंतरच रिकामे होतील आणि मागधारकांना मिळणाऱ्या स्थलांतर खर्चातून कामगारांचा मधल्या काळातला पगार दिला जाईल. ही सोय कायद्याने व्हायला हवी. ती सभेच्या सद्‍भावनेवर सोडणे मला मान्य नाही.

करारनाम्यांबाबत एक बाब आवर्जून सांगते. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिलेल्या निकालामुळे विकसन करारनाम्यावर शुल्क भरल्यानंतर प्रत्येक सभासदाच्या पर्यायी जागेच्या करारावर पुन्हा वेगळे मुद्रांक शुल्क लागत नाही. सभासदाने स्वतः पैसे देऊन विकत घेतलेल्या जादा क्षेत्राचा अपवाद आहे. आम्हाला आधी याउलट सांगितले गेले होते, म्हणून मी त्या निकालाची प्रत सोबत घेऊनच नोंदणीला गेले. करारात क्षेत्र लिहिताना चटईक्षेत्रच (भिंतींच्या आतील प्रत्यक्ष वापराचे क्षेत्र) लिहावे, पाणी-विजेच्या सोयींसह भाड्याची रक्कम भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत चालू राहावी आणि दुकानदारांचे स्थलांतर भाडे सदनिकेच्या दराने न धरता बाजारातील गाळ्याच्या भाड्याने धरावे, या तीन कलमांसाठी आम्ही शेवटपर्यंत अडून राहिलो. बँक हमी आल्यावरच चाव्या दिल्या.

सध्या जोत्याचे काम पूर्ण झाले असून महानगरपालिकेची जोते तपासणीही झाली आहे. दुकानांच्या मजल्याची नियोजित पातळी पूररेषेनुसार बरोबर असल्याची नोंद तपासणी अहवालात आली आहे आणि त्याची प्रत मी प्रत्येक दुकानदाराच्या हाती दिली आहे. पुढचे काम पहिल्या स्लॅबचे आहे.