दोन पोळ्या जास्त

मंगळवार, रात्र

दोन पोळ्या मी जास्त का टाकल्या, हेच दुपारपासून डोक्यात घोळतंय.

काकू दुकानात आल्या, पोळ्यांचं पुडकं हातात तोललं आणि म्हणाल्या, "हल्ली जाड होतायत गं पोळ्या." बस्, एवढंच. एरवी मी तिथल्या तिथे म्हटलं असतं, काकू, पातळ हव्यात तर थांबा पाच मिनिटं, तुमच्यासमोर लाटून देते. मग त्या त्यांच्या आईच्या पोळ्यांवर गेल्या असत्या आणि मी गव्हावर. लोकवन की सिहोर, यावरून आमचं वर्षानुवर्षं चालू आहे. आज मी नुसती मान डोलावली, "हो, बघते" म्हटलं आणि पुडक्यात आणखी दोन टाकल्या. पैसे घेतले नाहीत. पोळ्या जाड नव्हत्या. लाटणाऱ्या त्याच, तवा तोच.

काकूंचं नाव वहीत आहे, त्या पोरांनी कोयत्यांनी दुकान फोडल्यावर कोणी किती मदत पाठवली ते लिहिलेल्या वहीत. चिनूने ग्रुपवर मदतीचा मेसेज टाकला तेव्हा पहिल्यांदा ज्यांचे पैसे आले, त्यांत त्या. म्हणून बोलले नाही. याला दुसरं काही कारण नाही, कितीही शोधलं तरी.

तो मेसेज टाकायला मी आधी नकोच म्हणत होते. ह्यांनी समजावलं, ताईने समजावलं, शेवटी चिनू म्हणाली, आत्या, गौरींच्या ऑर्डरी तोंडावर आहेत, फ्रीज नाही, काउंटर नाही, कसं करणार आहेस? विमा आहे आमचा, तो 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा'वाला, त्यात अशी मुद्दाम केलेली मोडतोड बसते. पण त्याला एफआयआरची प्रत लागते, पंचनामा लागतो, सर्व्हेअर येऊन बघून जावा लागतो. पैसे येतील. श्रावण मात्र त्यांच्यासाठी थांबत नाही.

सारखं आठवतं ते कणकेचं. काउंटरची काच टफन केलेली होती. तिचे मोठे तुकडे पडत नाहीत, ज्वारीएवढे दाणे होतात. सकाळसाठी मळून ठेवलेल्या कणकेत ते रुतून बसले होते आणि ट्यूबलाइट पडली की चमकत होते. वरचे काढले तर खाली आणखी. ताई म्हणाली, पीठ तरी चाळून घेऊ. मी नको म्हटलं. लोकांच्या तोंडात जाणारं अन्न आहे, चाळणीवर कसा भरवसा ठेवायचा? पीठ, बेसन, पुरणाची भिजवलेली डाळ, सगळं पोत्यांत भरून सकाळी कचऱ्याच्या गाडीत दिलं. आयुष्यात एवढं अन्न मी कधी टाकलं नव्हतं. त्या सकाळी रडले ते काचेसाठी नाही.

आणि गल्ला उघडा होता. नोटा दिसत होत्या. त्याला हात लावला नाही त्यांनी. एका गाडीवर तिघं आले, रस्त्यातल्या रिक्षावर, उभ्या गाड्यांवर कोयते मारत मारत आमच्यापर्यंत आले, काउंटर फोडलं, फ्रीजच्या झाकणावर घाव घातले आणि ओरडत गेले. पैसे नेले असते तर निदान समजलं असतं की पोराला पैसे हवे होते. नुसतं घाबरवायला? पुण्यात बिबवेवाडी, येरवडा, वारजे इथल्या तोडफोडीचं पेपरात वाचत होतोच. 2025 च्या फेब्रुवारीत बिबवेवाडीत गाड्या फोडल्या तेव्हा ह्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं होतं. आता न्याय संहितेचं मोडतोडीचं कलम 324 लागलंय. त्यातला एक अल्पवयीन निघाला, तो बाल न्याय मंडळापुढे जाईल. त्याची आई... जाऊ दे. तो विषय आज नको.

माझं अडतंय ते वहीपाशी.

आंबिल ओढ्याच्या पुराच्या वेळी असं झालं नव्हतं. 2019, 25 सप्टेंबरची रात्र. दुकानात कमरेएवढं पाणी, भांडी तरंगत होती. दुसऱ्या दिवशी कोणी चादरी आणल्या, कोणी शेगडी, कोणी चिखल उपसायला आलं. मी घेतलं सगळं, एकदाही मान खाली गेली नाही. दांडेकर पुलापासून वर अरण्येश्वरपर्यंत सगळ्यांचीच घरं भिजली होती. ज्याच्याकडून घेतलं त्याच्या घरी संध्याकाळी मीच पिठलं पाठवलं. सासूबाई 12 जुलै 1961 चं सांगायच्या. पानशेत फुटलं तेव्हा अंगावरच्या लुगड्यानिशी बाहेर पडल्या, पुढचे कितीतरी दिवस दुसऱ्यांच्या ताटातलं जेवल्या. ते सांगताना त्यांच्या आवाजात लाज कधी नसायची. पाणी सगळ्यांवर येतं. कोयता माझ्या एकटीच्या काउंटरवर पडला आणि मदत मागणारीही मी एकटीच. म्हणून टोचतंय का हे?

वहिनींचं तर त्याहून अवघड. त्यांची डब्याची उधारी ज्येष्ठापासून थकलीय. त्यांनी ग्रुपवर हजार पाठवले आणि खाली हात जोडल्याचं चित्रही टाकलं. आता उधारी कशी मागू? आणि नाही मागितली तर हजार मिळाले की गेले? वहीत दोन्हीकडे त्यांचंच नाव. हे लिहितानाही कोत्या मनाची वाटतेय मी मला, पण गहू उधार मिळत नाही.

एक मात्र जड गेलं नाही, ते म्हणजे भिशी. या महिन्याचा नंबर कामतबाईंचा होता, त्यांनी तो मला दिला. "माझं काही अडत नाही, तू उचल, माझं पुढच्या वेळी बघू." मी उचलली, सही केली, घरी आले, झोपले. का? कारण ती फेडायची आहे. हप्ता चालूच आहे माझा. ज्याला परत करता येतं त्याचं ओझं होत नाही, असं मी परवापर्यंत ठामपणे म्हणत होते.

पण मग त्या पोराचा फोन आला. 2020 च्या टाळेबंदीत स्पर्धा परीक्षेची पोरं खोल्यांमध्ये अडकून पडली होती, मेस बंद, घरी जायला गाडी नाही. तेव्हा आम्ही डबे दिले होते, ज्याच्याकडे होते त्याने पैसे दिले, नव्हते त्याने नाही. हा न देणाऱ्यांतला. आता तिकडे मराठवाड्यात तलाठी आहे. कुठून तरी कळलं त्याला, पैसे पाठवले आणि वर फोन करून म्हणतो, "काकू, तुमच्या आमटीत मीठ कमीच असायचं हां. रोज वाटायचं सांगावं." म्हटलं, अरे, सांगितलंसही होतं की! खरंच सांगितलं होतं. फुकटच्या डब्यातल्या आमटीला नाव ठेवलं होतं त्या पोराने, जिन्यात उभं राहून, तोंडावर मास्क लावून. आणि मला राग आला नव्हता. बरं वाटलं होतं उलट. पोरगं जेवतंय, चव घेतंय, बोलतंय. मान खाली घालून डबा घेऊन गेला असता तर मलाच कसंतरी झालं असतं.

काकूंनाही आज तसंच कसंतरी झालं असेल का? दोन पोळ्या जास्त बघून त्या थबकल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. त्या भांडायला आल्या होत्या गं, नेहमीसारख्या. दुकान परत चालू झालं की नाही हे बघायला आल्या असतील. आणि मी त्यांना गिऱ्हाईक सोडून दाता करून टाकलं.

मघाशी हे सगळं ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग उद्या भांड." आणि कूस बदलून झोपले.

बरं, तर भांडते. वहिनींना उधारीचा कागदही देते, हजार वजा न करता. ते हजार वेगळे, डब्याचे वेगळे. रागावल्या तर रागावल्या. वही फाडणार नाही, पण गल्ल्याशेजारी ठेवायची नाही, घरी ठेवायची. पोळी हातात घेताना समोरच्याचा आकडा डोळ्यांपुढे यायला नको.

आणि मंडळाची पोरं. त्या रात्री काच झाडली त्यांनीच, बारापर्यंत, वाकून वाकून, नाल्यातली सुद्धा. परवा वर्गणीला आजूबाजूच्या सगळ्या दुकानांत गेली आणि आमचं वगळून पुढे गेली. अध्यक्ष लांबूनच हात करून म्हणाला, "मावशी, या वर्षी राहू दे." तेव्हा मी गप्प बसले. उद्या त्याला बोलावणार आहे आणि पावती फाडायला लावणार आहे, दरवर्षीएवढ्याच रकमेची. नको म्हणाला तर आरतीच्या प्रसादाची ऑर्डर घेणार नाही म्हणून सांगणार.