तळव्यातला पेटका आणि चाळिशीनंतरची किक: जून ते नोव्हेंबर

हात ताजे असतात, दम पुरतो, आणि चौथ्या-पाचव्या लेंग्थला (म्हणजे टँक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहताना) तळव्यात पेटका येतो. चाळिशीनंतर पोहायला शिकलेल्यांची किंवा कॉलेजनंतर थेट आता टँकवर परतलेल्यांची ही अगदी ठरलेली तक्रार. आमच्या सकाळच्या बॅचमध्ये सगळे चाळीस ते साठच्या दरम्यानचे, त्यामुळे पावसाळ्यापासून याच एका गोष्टीवर पद्धतशीर काम चालू आहे. कुणाला आपल्या बॅचमध्ये हाच क्रम लावायचा असेल तर उपयोगी पडावं म्हणून आकडे आणि तपशील इथे देतोय.

जून: पेटका नेमका कुठे येतो

सगळ्यात आधी पोटरीतला गोळा आणि तळव्यातला पेटका वेगळे केले, कारण दोन्हींची वेळ वेगळी असते. पोटरीत गोळा येतो तो भिंतीला जोरात रेटा दिल्यावर, पहिल्या चार-पाच मीटरांत. तळव्यातला पेटका सलग किक मारताना हळूहळू चढतो. आधी कमानीच्या आतल्या बाजूला, टाचेपासून अंगठ्याच्या मुळापर्यंत, एक दोरी ओढल्यासारखं वाटतं. मग अंगठा आपोआप खाली वळतो, शेजारचं बोट त्याच्यावर चढू बघतं आणि उरलेली बोटं फाकतात. अशा वेळी पाऊल हातात घेऊन चवड्याच्या मागे अंगठ्याने दाबलं तर आतला कडक गोळा सहज हाताला लागतो.

कारण समजून घेतलं की पुढचे सगळे उपाय आपोआप सुचतात. स्नायूला आखडण्याची आज्ञा मज्जारज्जूकडून येते, आणि स्नायूवर ताण पडला की त्याच्या टोकाच्या कंडरेतून (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीतून) ‘आता पुरे’ असा इशारा परत जातो. स्नायू दमला की आज्ञा वाढते आणि इशारा मंदावतो. त्यात तो आधीच आखूड करून ठेवलेला असेल तर कंडरेवर ताणच येत नाही, आणि इशारा आणखी कमी होतो. फ्रीस्टाइलमध्ये पाऊल मागे ताणून, बोटं वळवून धरलं की तळव्याचे आणि पोटरीचे स्नायू नेमके या आखूड स्थितीत अडकतात. पेटका आल्यावर बोटं नडगीकडे ओढली की तो लगेच सुटतो, त्याचंही कारण हेच: ताण परत येतो, इशारा परत जातो.

वयाचा संबंध इथे घोट्याशी आहे. वर्षानुवर्षं बूट, खुर्ची, गाडी आणि चालणं-धावणं यांमुळे घोटा पुढच्या बाजूने ताठ झालेला असतो. लहानपणी विहिरीत शिकलेल्या मुलाचं पाऊल पाण्याच्या रेट्यानेच मागे जातं. पन्नाशीतल्या माणसाला ते स्नायूंच्या जोराने मागे न्यावं लागतं, आणि प्रत्येक किकला हा जोर तळव्याचे लहान लहान स्नायू लावत असतात.

जुलै-ऑगस्ट: किक सुधारणे

सगळ्यात जास्त वेळ इथे दिला आणि सगळ्यात जास्त फरकही इथेच पडला.

आधी तपासणी. भिंतीची कड धरून आडवे व्हा, नेहमीसारखी किक २० सेकंद मारा आणि थांबल्या थांबल्या पाऊल वर घेऊन बघा. बोटांची पेरं पांढरी पडली असतील, बोटं आत वळलेली असतील, तर पोहताना तुम्ही बोटांनी पाणी धरायचा प्रयत्न करता आहात. किक गुडघ्यातून निघत असेल तर हे हमखास होतं, कारण मांडीतून न आलेला जोर पाऊल भरून काढतं. किक कमरेतून निघायला हवी, गुडघा किंचित सैल, आणि पाऊल पोटरीखाली ओल्या मोज्यासारखं लोंबतं. दोन्ही अंगठे जाता-येता एकमेकांना हलकेच घासले पाहिजेत. ती घासणी जाणवायची थांबली की पाय फाकलेत किंवा पाऊल बाहेर वळलंय असं समजावं.

सेट असा ठेवला: ४ × २५ मीटर किक, प्रत्येक २५ नंतर ३० सेकंद थांबा. किकबोर्ड पहिले दोन आठवडे नकोच. बोर्डवर मान आणि छाती वर येते, कंबर खाली जाते, आणि बुडणारे पाय वर ठेवायला माणूस आणखी जोर लावतो. त्याऐवजी एका कुशीवर, खालचा हात पुढे लांब करून किक मारावी. हे जमलं की खोल बाजूला, तळाला पाय न लावता, उभी किक, ६ × १५ सेकंद, मध्ये तेवढीच विश्रांती. उभ्या किकमध्ये बोटं वळवून काही मिळत नाही, डोकं लगेच खाली जातं, त्यामुळे कमरेतून किक मारायची सवय लवकर लागते. ही उभी किक जीवरक्षकाच्या समोर आणि भिंतीपासून हातभर अंतरावरच करावी.

वाढ आठवड्याला ५० मीटरपेक्षा जास्त नाही. तळव्यात पहिली ओढ जाणवली की तो सेट तिथेच संपला, ‘एवढी लेंग्थ पुरी करतो’ हा हट्ट नको. एकदा पेटका येऊन गेला की तोच स्नायू पुढची बरीच मिनिटं परत आखडायला टपलेला असतो. म्हणून त्या दिवशीचं उरलेलं पोहणं पुल बॉय (पाय तरंगत राहावेत म्हणून मांड्यांमध्ये धरायचा फोमचा ठोकळा) लावून, २०० मीटरपर्यंत. पुल बॉय लावल्यावर घोट्यांची तिढी घालू नये, त्यानेही पाऊल ताठ राहतं.

लांब पोहताना एका हातचक्राला सहा किकचा हट्ट सोडून दोन किकवर आलो. चाळिशीनंतर १ किलोमीटर पोहणाऱ्याला सहा किकची काहीच गरज नाही. वेग थोडा कमी होतो, पण पाय टिकतात.

सप्टेंबर: टँकबाहेरचं काम

महापालिकेच्या टँकवर शिट्टी वाजली की बॅच सुरू आणि पाऊण तासाने बाहेर, त्यामुळे लोक गार पायांनी थेट उडी मारतात. म्हणून वॉर्म-अप शॉवरच्या आधी, बाहेर कोरड्या जागेत. चवड्यांवर वर-खाली २० वेळा, घोटे दोन्ही दिशांना दहा-दहा फेऱ्या, मग दोन मिनिटं जागच्या जागी चालणं. उडी मारण्याआधी पोटरीचे लांबलचक स्ट्रेच नकोत, ते पोहून झाल्यावर.

घरी आठवड्यातून तीनदा:

चवड्यावर उठणं, जिन्याच्या पायरीच्या कडेवर, कठडा धरून. ३ × १२. वर जायला दोन सेकंद, वर पूर्ण टोकाला १० सेकंद थांबा, खाली यायला तीन सेकंद. ते दहा सेकंद सोडू नयेत. पेटका येतो तो आखूड स्थितीत, म्हणून ताकदही त्याच स्थितीत कमवावी लागते. तीन आठवड्यांनी एका पायावर. पाठोपाठ गुडघा वाकवून आणखी १२, कारण पोटरीतला खोलवरचा स्नायू तेव्हा काम करतो.

कमान उचलणं. पाऊल जमिनीवर सपाट, बोटं न वळवता चवडा टाचेकडे ओढल्यासारखं करून कमान वर घ्या, ५ सेकंद धरा, १० वेळा. पहिल्या आठवड्यात यातच पेटका येऊ शकतो. आला तर सोडा, बोटं वर ओढा, थोड्या वेळाने पुन्हा करा.

वज्रासन. घोट्याची पुढची बाजू मोकळी करायला यापेक्षा सोपं काही नाही, आणि ज्यांना पाण्यात पेटका येतो त्यातल्या अनेकांना वज्रासनातही येतो, म्हणजे चाचणी आणि उपाय एकाच ठिकाणी. घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून सुरुवात करावी. २० ते ३० सेकंद बसा, उठा, असं चार वेळा. गुंडाळी दर पंधरवड्याला बारीक करत न्या. गुडघ्याचं दुखणं असलेल्यांनी हे करू नये. त्यांनी खुर्चीवर बसून पाऊल मागे नेऊन नखांची बाजू जमिनीला टेकवावी आणि हलकेच दाबावं, तेवढंच पुरतं.

शेवटी बसून एका मांडीवर दुसरं पाऊल घेऊन बोटं नडगीकडे ओढून १० सेकंद, १० वेळा. हे रात्री झोपण्यापूर्वी केलं तर उत्तम. रात्री पोटरीत गोळे येणाऱ्या ५५ वर्षांवरच्या लोकांवर नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत झोपण्याआधी पोटरी आणि मांडीची मागची बाजू ताणल्याने सहा आठवड्यांत गोळे कमी झाले होते.

खाण्यापिण्याबद्दल थोडक्यात, कारण टँकवर चर्चा याचीच सगळ्यात जास्त होते. केळं चांगलं, पण ते पचून त्याचा परिणाम रक्तात दिसायला वेळ लागतो, काठावर केळं खाऊन चालू पेटका थांबत नाही. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा वयस्कांच्या पेटक्यांवर फारसा उपयोग नाही, असाच कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०२० च्या आढाव्याचा निष्कर्ष आहे. क्विनीन पेटक्यासाठी मुळीच घेऊ नये, त्याचे दुष्परिणाम गंभीर आहेत. पहाटे नुसत्या चहावर येऊ नका. उठल्यावर दोन पेले पाणी प्या, आणि तासाच्या वर पोहणार असाल तर ओआरएसचं पाकीट पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, सहसा १ लिटरमध्ये. लोणच्याच्या पाण्याचा प्रयोग मात्र लक्ष देण्यासारखा आहे: २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अंगठा वळवणाऱ्या तळव्यातल्याच स्नायूत विजेने पेटका आणला गेला, आणि वजनाच्या किलोमागे १ मिलिलिटर लोणच्याचं पाणी प्यायलेल्यांचा पेटका साध्या पाण्यापेक्षा सुमारे पाऊण मिनिट आधी सुटला. इतक्या लवकर रक्तात बदल होत नाही, म्हणजे परिणाम घशातूनच होत असावा. ते काकडीच्या लोणच्याचं व्हिनेगर-मिठाचं पाणी होतं, आपलं तेलातलं लोणचं नव्हे. बीपी असलेल्यांनी यापासून लांबच राहावं.

ऑक्टोबर: भिंत आणि फिन्स

२५ मीटरच्या टँकमध्ये १००० मीटर म्हणजे ३९ वळणं, ५० मीटरच्या टँकमध्ये १९. छोट्या टँकवर पोटरीत गोळे जास्त का येतात हे एवढ्यात कळतं. रेटा देताना पावलं कमरेच्या रुंदीइतकी लांब, गुडघे काटकोनात, जोर साठ-सत्तर टक्के. भिंत सुटल्या क्षणी घोटा सैल सोडायचा. बहुतेक जण सुंदर लांबट आकार ठेवायच्या नादात पाऊल ताठ धरून ठेवतात आणि तिथेच गोळा येतो. पहिले ३०० मीटर फ्लिप टर्न (पाण्यात कोलांटी घेऊन वळणं) नको, हाताने भिंत धरून वळावं.

फिन्स, म्हणजे पायात घालायचे वल्ह्यासारखे पंखे, ऑक्टोबरपर्यंत मुद्दाम दूर ठेवले होते. लांब, कडक रबरी फिन्स चाळिशीनंतरच्या तळव्याचे शत्रू आहेत. आखूड, मऊ सिलिकॉनचे घ्या. पाऊल आत हलत असेल तर बोटं फिन धरून ठेवायला वळतात आणि पेटका येतो. घट्ट असेल तर बोटं बधिर होतात. मापात मधला आकार नसेल तर किंचित मोठा घेऊन पातळ मोजा घालावा. सुरुवात ४ × ५० मीटर, आणि ज्या आठवड्यात फिन्स सुरू केले त्या आठवड्यात किकचं अंतर वाढवायचं नाही.

नोव्हेंबर: पाणी गार

उघड्या टँकचं पाणी दिवाळीनंतर उतरायला लागतं. स्पर्धेच्या टँकसाठी २५ ते २८ अंश ठरवलेले आहेत. आपल्याकडचे पहाटेचे टँक थंडीत त्याखाली सहज जातात. २४ च्या खाली आम्ही किकचा सेट शेवटी नेला, पहिले ४०० मीटर सावकाश, आणि टाइल्सवर अनवाणी उभं राहणं बंद केलं. शिट्टी होईपर्यंत पायात चप्पल.

पेटका आल्यावर काय करायचं याचा सराव याच महिन्यात झाला. उथळ बाजूला: टाच तळाशी, बोटं भिंतीवर चढवा, गुडघा हळूहळू भिंतीकडे ढकला, ३० सेकंद. झटका देऊ नका. खोल बाजूला: किक बंद, पाठीवर या, पूर्ण श्वास भरा, तो पाय गुडघ्यात दुमडून छातीशी घ्या, त्याच बाजूच्या हाताने बोटं पकडून नडगीकडे ओढा आणि दुसऱ्या हाताने पाणी हलवत राहा. पोटरीचा गोळा असेल तर बोटं धरूनच गुडघा सरळ करत न्या. घाबरून डोकं वर काढलं की पाय बुडतात, म्हणून कान पाण्यातच ठेवायचे. विहिरीत पोहणाऱ्यांना आधाराला कठडा नसतो, त्यांनी आधी पायरी किंवा सोडलेला दोर धरावा, मग पायाकडे बघावं.

काही लक्षणं टँकवर सोडवण्यासारखी नाहीत. चालताना पोटरी भरून येते आणि थांबल्यावर सुटते, एकच पोटरी सुजलेली, लाल किंवा गरम आहे, तळव्यांना मुंग्या किंवा बधिरपणा आहे, किंवा लघवी वाढवणारी बीपीची गोळी, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन किंवा दम्याचं इनहेलर सुरू झाल्यापासून पेटके वाढलेत: डॉक्टरांना दाखवा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. मधुमेह आणि थायरॉइड तपासून घ्यावेत.

पुढचा टप्पा

मालवणच्या चिवला बीचवर डिसेंबरमध्ये सागरी जलतरण स्पर्धा असते. आमच्यातल्या काहींचा तिथे छोट्या अंतराचा विचार आहे. समुद्रात भिंत नाही, म्हणजे रेट्याचा त्रास नाही, पण पाऊल तासभर एकाच स्थितीत राहतं. म्हणून आतापासून टँकमध्येच दर १५ मिनिटांनी दहा ब्रेस्टस्ट्रोक किक घालायचं सुरू केलंय. त्यात पाऊल नडगीकडे वळतं आणि तळवा ताणला जातो. सरावाच्या पोहण्यात कमरेला नारिंगी फ्लोट बांधायचा आणि पेटका आला की तो काखेत धरून पाऊल ओढायचं. दोन मिनिटांत सुटला नाही तर हात उंच करून मदतीची होडी बोलवायची.