रीत आणि उत्तर

बुधवार, रात्री पावणेबारा

आज फंक्शन कळलं, म्हणजे प्रोग्रॅममध्ये नाव देऊन ठेवलेली काम करायची रीत. व्याख्या गेले तीन आठवडे पाठ होती, पण कळलं ते आज, आईच्या एका प्रश्नामुळे.

आईच्या बचत गटाचं व्याज काढायला मी जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे वेबपानांच्या प्रोग्रॅमिंग भाषेत, एक पान करतेय. गटात १२ बायका, कर्जाचा दर महिना शेकडा २, व्याज उरलेल्या शिलकेवर. फंक्शनचं नावच 'व्याज' ठेवलंय, देवनागरीत. जावास्क्रिप्टला ते चालतं. 'फंक्शन', 'रिटर्न' असे भाषेचे राखीव शब्द तेवढे इंग्रजी, बाकी नावं आपल्या लिपीत देता येतात. हे कळलं त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. कंसात शिल्लक आणि दर द्यायचा: ५,००० आणि २ दिले की १०० परत. सुरुवातीला रिटर्न, म्हणजे उत्तर परत दे असं सांगणारा शब्द, लिहायचं राहिलं होतं, तेव्हा आतल्या आत १०० निघायचे, पण बाहेर यायचं 'अनडिफाइंड', म्हणजे काहीच नाही. ते शिलकेत मिळवलं की 'नॅन', म्हणजे हा आकडाच नव्हे.

खरं अडलं ते बटणापाशी. बटण दाबल्यावर व्याज दिसावं म्हणून ॲड-इव्हेंट-लिसनर लिहिलं, म्हणजे अमुक घडलं की तमुक फंक्शन चालव अशी सूचना. त्यात 'क्लिक' आणि पुढे व्याज पानावर दाखवणारं माझं दुसरं फंक्शन 'व्याजदाखवा', कंसांसकट. पान उघडलं, आकडा आला. लगेच आईला हाक मारली. तिने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, पण तू बटण दाबलंस कुठे?"

दाबून पाहिलं. काही होईना. ब्राउझर चुका दाखवतो त्या कन्सोलमध्ये चूकही नाही.

शाळेत गणिताच्या पेपरात नुसतं उत्तर लिहिलं की बाई मार्क कापायच्या. उत्तर वेगळं, रीत वेगळी. इथे तेच झालं होतं. नावापुढे कंस आले की फंक्शन तिथल्या तिथे चालतं, आणि पुढे जातं ते त्याचं उत्तर. माझं 'व्याजदाखवा' काहीच परत करत नव्हतं, म्हणून बटणाच्या हाती काहीच पडलं नव्हतं. बटणाला रीत हवी होती, वेळ येईल तेव्हा वापरायला. दोन कंस खोडले आणि ते चालू लागलं. किती वेळ नुसती दाबत बसले होते.

म्हणजे फंक्शन ही आकड्यासारखीच, हातात घेऊन दुसऱ्याला देता येणारी चीज आहे. ब्रेंडन आइकने १९९५ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा उभा केला, तेव्हा ही कल्पना त्याने स्कीम भाषेतून आणली. एवढ्या घाईत त्याने हीच गोष्ट सोडली नाही, याबद्दल आज मनापासून आदर वाटतो.

मग धीर आला आणि १२ जणींची १२ बटणं लूपमध्ये, म्हणजे तेच काम फेऱ्याफेऱ्यांनी करून घेत, केली. कुठलंही दाबा, व्याज यादीतल्या शेवटच्या बाईचं. याचा उलगडा व्हायला तास गेला. फंक्शन बाहेरचं व्हेरिएबल, म्हणजे नाव दिलेला डबा, लक्षात ठेवतं, त्यात त्या वेळी काय होतं ते नाही. 'व्हार' या शब्दाने केलेलं व्हेरिएबल सगळ्या फेऱ्यांत एकच, आणि लूप संपताना त्यात शेवटचीच बाई उरलेली. 'व्हार'च्या जागी २०१५ साली आलेलं 'लेट' लिहिलं, तशी प्रत्येक फेरीला आपली वेगळी बाई मिळाली. फंक्शनने असं बाहेरचं व्हेरिएबल धरून ठेवणं, याला क्लोजर म्हणतात. नाव आधी वाचलं होतं, तेव्हा डोक्यावरून गेलं होतं.

आईने आपलं रजिस्टर घेऊन बाराही आकडे ताडून पाहिले. एक जुळला नाही. तो रजिस्टरातच चुकला होता, खाडाखोडीत ८०चे ६० झालेले. तिने तिथेच पेनने दुरुस्त करून बाजूला सही केली.

उद्या दंड. हप्ता चुकला तर १० रुपये, पण लागोपाठ दोन चुकले तर किती, हे तिला सकाळी विचारायचंय.