पाव्हणा, टप्पा चौथा: दिवाणामागची बाई

फर चढली, डोळे बसले, खालचा जबडा व्यवस्थित हलतोय. पाव्हण्याचं काम झालं म्हणायला हरकत नाही. आता प्रश्न माझा. मी कुठे बसायचं?

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. पाव्हणा म्हणजे हातात घालायची, तोंड हलणारी बाहुली. कुठल्याशा ग्रहावरून आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये येऊन पडलाय आणि जायचं नाव घेत नाही. प्रेरणा कुठली ते लपवण्यात अर्थ नाही: जुन्या अमेरिकन विनोदी मालिकेतला, टॅनर नावाच्या कुटुंबात येऊन राहिलेला केसाळ परग्रहवासी अ‍ॅल्फ. नक्कल नको म्हणून रंग राखाडी घेतला, सोंड आखूड केली, गालावरचा मस गाळला. तरी बघणारा पहिल्या फटक्यात म्हणतोच, ‘हा अ‍ॅल्फचा चुलतभाऊ ना?’ त्याला माझा इलाज नाही. पाच-पाच मिनिटांचे छोटे भाग करायचे, समोर भाचा, कॅमेरा म्हणजे मोबाइल, असा बेत आहे.

हा टप्पा हाती घेण्याआधी ‘अ‍ॅल्फ’चा पहिला सीझन पुन्हा लावला, पण या खेपेला विनोद सोडून फर्निचर बघत बसले. करून बघा, मालिका वेगळीच दिसते. टॅनर कुटुंबाच्या घरात अ‍ॅल्फ बोलत असतो तेव्हा त्याच्या पुढ्यात बहुतेक वेळा काहीतरी आडवं असतं. सोफ्याची पाठ, जेवणाचं टेबल, नाहीतर स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधली ती उघडी खिडकी. तिथे कोपर टेकून तो घरचा कर्ता विली टॅनर याला चार गोष्टी सुनावतो, तेव्हा काय निवांत गडी आहे असं वाटतं. प्रत्यक्षात त्या कट्ट्याखाली अ‍ॅल्फ नाहीच, तिथे पॉल फुस्को आहे.

टॉम पॅचेटच्या जोडीने ही मालिका रचणारा फुस्को हाच अ‍ॅल्फचा आवाज आणि हाच त्याचा मुख्य सूत्रधार. २२ सप्टेंबर १९८६ ला एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर पहिला भाग लागला, २४ मार्च १९९० ला शेवटचा. या चार सीझनसाठी अख्खं घर जमिनीपासून चार फूट उंच मचाणावर उभं केलं होतं. घराच्या तळात जागोजागी झडपा. ज्या प्रसंगात अ‍ॅल्फ जिथे हवा तिथली झडप उघडायची, खाली माणसं शिरणार, वर बाहुली येणार. माणसं म्हणजे एकटा फुस्को नव्हे. तोंड आणि एक हात त्याच्याकडे, दुसऱ्या हातासाठी आणखी एक कलाकार, आणि कान-भुवया हलवायला तिसरा माणूस रिमोट घेऊन. जागा बदलली की झडपांची सगळी मांडामांड पुन्हा. अर्ध्या तासाच्या एका भागाला वीस-पंचवीस तास चित्रीकरण लागायचं ते यामुळे. अशा कामात समोर प्रेक्षक बसवणं अशक्यच, म्हणून हशा नंतर चिकटवलेला.

आणि या भोकाभोकांच्या जमिनीवरून बाकीच्या नटांनी सहज घरात वावरल्यासारखं चालायचं! मॅक्स राइट आणि अ‍ॅन शिडीन, म्हणजे विली आणि केट, दोघांनीही पुढे उघडपणे सांगितलं की त्या सेटवर काम करण्यात आनंद नव्हता. मला राइटबद्दल पूर्ण सहानुभूती आहे. तासन्‌तास उभं राहायचं आणि टाळीचं वाक्य दरवेळी फरच्या गोळ्याने न्यायचं. पण त्याच्या चेहऱ्यावरचा तो दमलेला, कावलेला भाव मालिकेला केवढा उपयोगी पडलाय बघा. विली खरोखरच कंटाळलेला दिसतो.

इथून माझं एक मत तयार झालं, पटलं तर घ्या. अ‍ॅल्फचा स्वभाव लेखकांनी कागदावर ठरवला असेल, पण पक्का केला तो त्या झडपांनी. तो उठून कुणाकडे जाऊ शकत नाही, म्हणून सगळ्यांनी त्याच्याकडे यायचं. हातातली वस्तू ठेवून दुसरी आणायला जाऊ शकत नाही, म्हणून हुकूम सोडायचे. जागेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर शेरे मारायचे, खायला मागायचं, मांजराकडे बघून जिभल्या चाटायच्या. एका जागी खिळलेली बाहुली आपोआप आयतोबा होते. तिला शालीन, कामसू, सगळ्यांच्या मदतीला धावणारी करायला गेलात तर पहिल्याच प्रसंगात अडकाल, कारण धावायला पाय कुठायत?

पाय दाखवायची वेळ आली की मिहाय मेसारोश. हंगेरीत जन्मलेला, सुमारे ८४ सेंटीमीटर उंचीचा हा सर्कशीतला कलाकार पूर्ण पोशाख घालून अ‍ॅल्फला चालवायचा. पण त्या पोशाखात जीव उकडून निघे, त्यामुळे ते प्रसंग मुख्यतः सुरुवातीच्या भागांतच दिसतात. चालणारा अ‍ॅल्फ आणि बोलणारा अ‍ॅल्फ एकाच शॉटमध्ये शोधत बसू नका. पहिल्या सीझनच्या शीर्षकाची चलाखी तर फारच आवडली. अ‍ॅल्फ व्हिडिओ कॅमेरा घेऊन घरभर फिरतो आणि आपण त्याच्या नजरेतून एकेकाला बघतो. म्हणजे तो घरभर फिरतोय आणि बाहुली मात्र कुठेच न्यावी लागत नाही. ही युक्ती मी डोळे मिटून उचलणार आहे.

आता आमच्या घरचं गणित. चार फुटी मचाण बांधलं तर भाच्याचं डोकं पंख्याला लागेल. त्यामुळे उलटा विचार केला: जमीन वर नेता येत नसेल तर समोरच्या माणसाला बसवायचं. दिवाणाची बैठक ४५ सेंटीमीटर. त्यावर भाचा बसला की त्याचे खांदे साधारण एक मीटरवर येतात. दिवाण भिंतीपासून दोन फूट पुढे ओढला आणि त्याच्या मागच्या कडेला ९० सेंटीमीटर उंचीचा प्लाय उभा केला. वरून जुना पलंगपोस टाकला की सोफ्याची पाठ तयार. मी मागे जमिनीवर मांडी घालून बसते, मान थोडी खाली घातली की डोकं प्लायच्या आड जातं, हात सरळ वर. पाव्हण्याचं तोंड बरोबर भाच्याच्या कानाशी. दोघांची डोकी एका पातळीत आली आणि पहिल्यांदाच तो खोलीत राहणारा कुणीतरी वाटला. आधी टेबलामागून हलवत होते तेव्हा तो दुकानात मांडलेल्या खेळण्यासारखा दिसायचा.

दिवाणाचा आणखी एक फायदा. आत सामान ठेवायची पेटी असतेच, वरची फळी बिजागरीवर. गाद्या-रजया काढल्या तर तीच आपली झडप! मी स्वतः त्यात शिरणार नाही, गुडघे नकार देतात. पण भाचा आडवा होऊन पाव्हण्याचा दुसरा हात फळीच्या फटीतून वर काढू शकतो. मग समोर कोण, हा प्रश्न उरतो. बहिणीला पटवतेय.

खाली बसलं की वर काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून मॉनिटर हवाच. कॅमेऱ्याच्या मोबाइलवरचं चित्र जुन्या टॅबवर घेतलं आणि टॅब मांडीसमोर जमिनीवर ठेवला. इथे एक सूचना: चित्र आरशासारखं उलटं करून घेऊ नका. सुरुवातीला सोयीचं वाटतं, कारण हात उजवीकडे नेला की बाहुली उजवीकडे जाते. पण प्रेक्षक बघणार तेच चित्र बघत सराव केला तर नजरेची दिशा हातात बसते. व्यावसायिक मंडळी असंच करतात. पहिले काही दिवस पाव्हणा भाच्याऐवजी भिंतीवरच्या कॅलेंडरशी गप्पा मारतो, मारू द्यावं.

तोंडाचं म्हणाल तर सगळी मेहनत अंगठ्याची. शब्द सुरू होताना तोंड उघडायचं आणि त्यासाठी खालचा जबडा खाली पाडायचा. वरची चार बोटं शक्यतो स्थिर. बोटं वर उचलली की अख्खं डोकं मागे फेकलं जातं आणि बाहुली चावल्यासारखी बोलते. प्रत्येक अक्षराला तोंड उघडायची गरजही नाही. मराठीत भरभर बोलताना ‘काय करतोयस रे’ला तीन उघडझाप पुरतात. फुस्कोचं काम आवाज बंद करून बघा, तो किती कमी उघडतो ते कळेल. आणि वाक्य संपल्यावर जे क्षणभर डोकं कलतं आणि थांबतं, खरा विनोद तिथे आहे.

फरबद्दल मागे बऱ्याच जणांनी विचारलं होतं. कापड पुण्यात रविवार पेठेत मिळतं, सॉफ्ट टॉय करणाऱ्यांना लागतं तेच. आतला फोम गादीवाल्याकडचा. फर कात्रीने कापू नका. कापड उलटं करा, मागच्या विणीवर ब्लेड फिरवा, फक्त वीण कापली पाहिजे. दोन तुकडे हलकेच ओढून वेगळे केले की केस पूर्ण लांबीचे राहतात. शिवताना केस आत दुमडून घ्या आणि झाल्यावर जाड सुईने टाक्यात अडकलेले केस उपसून काढा. या उपसण्याला कंटाळलात तर शिवण उघडी पडलीच म्हणून समजा. केसांचा ओघ कपाळावरून मागे, गालांवरून खाली. पाव्हण्याच्या डाव्या गालावर मी मुद्दाम थोडा उलटा तुकडा लावलाय, त्यामुळे तो नेहमी नुकताच झोपेतून उठल्यासारखा दिसतो.

डोळ्यांची बुबुळं बरोबर मधोमध लावली तर नजर शून्यात जाते. दोन्ही नाकाकडे जराशी सरकवायची, तिरळा वाटण्याच्या अलीकडे थांबायचं. मी बुबुळं आधी पिनांनी अडकवली, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघितली, पुन्हा सरकवली, मगच गम लावला.

टाके घालताना परग्रहवासीयांच्या बाकीच्या जुन्या अमेरिकन मालिका चालू होत्याच. ‘माय फेव्हरिट मार्शियन’ (१९६३ ते १९६६) बघताना गंमत वाटली, की रे वॉल्स्टनच्या अंकल मार्टिनकडे परग्रहाची खूण म्हणून आहे काय, तर डोक्यामागून वर येणारे दोन अँटेना. ते वर आले की तो अदृश्य. बोट हलवलं की वस्तू हवेत तरंगतात. बाकी सूट घातलेला सज्जन गृहस्थ, वार्ताहर टिम ओ’हाराचा काका म्हणून राहतो. सगळी करामत तारांची आणि कॅमेऱ्याची, त्यामुळे अंकल मार्टिनला शांत, किंचित तुसडा राहणं परवडतं.

‘मॉर्क अँड मिंडी’त १९७८ मध्ये ती साधनंही गेली. अंड्याच्या आकाराचं यान आहे, लाल पोशाख आहे, पण परग्रह सगळा मॉर्क झालेल्या रॉबिन विल्यम्सच्या अंगात. निवडीच्या वेळी ‘बसा’ म्हटल्यावर तो खुर्चीवर डोकं खाली करून बसला, हा किस्सा तुम्ही ऐकला असेलच. तो कधी कुठे उडी मारेल याचा नेम नव्हता, म्हणून नेहमीच्या तीन कॅमेऱ्यांना चौथा जोडला, फक्त त्याच्या मागे फिरायला. म्हणजे अ‍ॅल्फच्या अगदी उलट टोक: एकाला हलता येत नाही म्हणून घर बदललं, दुसरा थांबत नाही म्हणून कॅमेरे वाढवले.

‘थर्ड रॉक फ्रॉम द सन’ (१९९६ ते २००१) माझी सगळ्यात लाडकी, पण बाहुलीवाल्यांना त्यातून शिकण्यासारखं तसं कमी. माणसं बनून पृथ्वीवर राहायला आलेल्या चौघा परग्रहवासीयांकडे अँटेना नाहीत, फर नाही, नुसती माणसाची शरीरं, तीही न मापता घेतलेल्या कपड्यांसारखी. वयाने सर्वांत मोठा टॉमी शाळकरी पोराच्या देहात, लढवय्या सॅली बाईच्या. त्यांचा म्होरक्या डिक झालेल्या जॉन लिथगोला या मालिकेसाठी तीन एमी पुरस्कार मिळाले. एक मात्र टिपून ठेवलंय: चौघांपैकी हॅरीला त्यांच्या वरिष्ठाचा, ‘बिग जायंट हेड’चा निरोप येतो तेव्हा फ्रेंच स्टुअर्ट ताठ होतो आणि आवाज बदलतो. कसलंही साधन नाही, फक्त बोलणं मध्येच तुटतं. पाव्हण्याला त्याच्या ग्रहावरून फोन येईल तेव्हा हे करून बघणार.

मध्ये एकाने विचारलं, आपल्याकडे एवढी परंपरा असताना परदेशी फरमागे का लागलीस? परंपरा आहेच. पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्यांना चालवणारा वर असतो, दोऱ्या धरून. अर्धवटरावांना बोलतं करणारे रामदास पाध्ये शेजारी बसलेले असतात, सगळ्यांदेखत. आणि ते दोघं एकमेकांशी भांडतात यातच मजा. मला खाली लपायचंय, कारण पाव्हण्याचं भांडण माझ्याशी नाही, घरातल्यांशी आहे. पण पाध्यांचे कार्यक्रम बघून एक गोष्ट घेतली: दुसरा बोलत असताना अर्धवटराव गप्प बसतात, पण ऐकत असतात. मान किंचित वळते, प्रेक्षकांकडे एक कटाक्ष जातो. पाव्हण्याचा ऐकण्याचा सराव सध्या बोलण्यापेक्षा जास्त चालू आहे.

पुढच्या टप्प्यात कान. रिमोटच्या भानगडीत न पडता सायकलच्या ब्रेकची केबल वापरून बघतेय, डाव्या हातात लिव्हर, आतल्या तारेचं टोक कानाच्या मुळाशी. तार ओढली की कान वर जातो, सोडली की परत येत नाही. लहान स्प्रिंग लागेल. बॉलपेनमधली फार कमकुवत पडली. कुणी हे केलं असेल तर स्प्रिंग कुठली घेतली ते कळवा. तोवर पहिल्या भागाची संहिता पुरी करते: पाव्हण्याला सोसायटीच्या सेक्रेटरींपासून लपवायचंय, आणि तो दिवाणामागून हलायला तयार नाही.